आकुर्डीचा गुरखा

ईदला भाचा घरी आला आणि शीरखुर्म्याची वाटी रिकामी व्हायच्या आत मोबाईल पुढे केला. “मामू, ही घेऊ?” पडद्यावर फोर्सची पाच दारांची गुरखा.

ही कंपनी जुन्या पुणेकरांना बजाज टेम्पो म्हणूनच ठाऊक. १९५८ साली फिरोदियांनी सुरू केलेली, आकुर्डीची. आमचं वऱ्हाड महाडला गेलं ते तिच्याच मॅटाडोरमधून. २००५ मध्ये नाव फोर्स मोटर्स झालं.

गाडी दणकट आहे, यात वाद नाही. २.६ लिटरचं डिझेल इंजिन, मूळ घडण मर्सिडीजची, ताकद १४० पीएस. चारही चाकांना जोर जातो. पुढे-मागे दोन्हीकडे डिफरन्शिअल लॉक. एक चाक चिखलात नुसतं फिरू लागलं, की साध्या गाडीचा सगळा जोर तिथेच वाया जातो. लॉक लावला की दोन्ही चाकं एकत्रच फिरतात आणि गाडी निघते. मात्र कोरड्या डांबरी रस्त्यावर लॉक लावू नये. वळणावर आतलं-बाहेरचं चाक कमीजास्त फिरावं लागतं. ते अडलं तर टायर घासतात, आतले भाग तुटतात.

भाच्याचा जीव अडकला होता तो बॉनेटशेजारून छतापर्यंत गेलेल्या काळ्या नळीत. “पावसाळ्यात महाडला जाताना पाण्याची भीतीच नाही!”

इथे मी त्याला थांबवलं. ती नळी इंजिनाला वरची हवा देते, एवढंच तिचं काम. कंपनी पाण्याची मर्यादा ७०० मिलिमीटर सांगते, म्हणजे जेमतेम सव्वादोन फूट. वाहतं पाणी गाडीला बाजूने ढकलतं, थोडं उचलतंही. मग चाकं जमीन सोडतात आणि चारही चाकांचा जोर कुणाच्या कामाचा? शिवाय गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही, ते कुठली गाडी सांगणार? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल गेला, दोन एसट्या माणसांसकट नदीत गेल्या. भाचा तेव्हा शाळेत होता. तो गप्प झाला.

हप्त्यांचा विषय त्याच्या अब्बांनी आधीच मिटवलाय : व्याजाची गाडी दारात नको. २०२४ मध्ये ही बाजारात आली तेव्हाच किंमत अठरा लाखांच्या घरात होती. तेवढे साठेपर्यंत विचाराला वेळ आहे.

आपा मात्र वेगळंच विचारत होती : “मी चढणार कशी?” गाडी उंच, तिचे गुडघे दुखरे. शेवटच्या दोन सीटांवर तर मागच्या दारातून चढावं लागतं. येत्या रविवारी भाचा तिला शोरूमला नेणार आहे. आधी आपा चढून-उतरून पाहील, मग तो चालवून पाहील.