आढाव्याच्या बैठकीत साहेबांनी शेवटी बोलावं



शाळेत स्नेहसंमेलन झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक बैठक होते, ती तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. चहा येतो, वडापाव येतो, आणि प्रश्न येतो, "मग, कसं काय झालं?" सगळे म्हणतात, "छान झालं." मंडपवाल्याचे आभार मानले जातात आणि आपण तास घ्यायला उठतो. मी शिकवते त्या शाळेत सलग तीन वर्षं नाटुकलं रंगात आलं असताना माईक बंद पडला, आणि सलग तीन वर्षं आम्ही "छान झालं" म्हणून उठलो. मीही त्यात होतेच.

हा विषय डोक्यात घातला तो माझ्या एका माजी विद्यार्थ्याने. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेला, मराठी माध्यमातला मुलगा. आता लोअर परळला, पूर्वी जिथे गिरणी होती त्या आवारातल्या काचेच्या इमारतीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो. माईकची गोष्ट ऐकून तो म्हणाला, "बाई, आमच्याकडे अशी बैठक दर पंधरा दिवसांनी असते. तिला रेट्रोस्पेक्टिव्ह म्हणतात. आणि तिथेही सगळे 'ऑल गुड' म्हणतात."

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पूर्वी सॉफ्टवेअर म्हणजे वर्ष-दोन वर्षांचा आराखडा आधी करायचा, मग बांधत सुटायचं आणि शेवटी गिऱ्हाइकाला दाखवायचं, असं चाले. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे 17 जण जमले आणि त्यांनी अजाइल पद्धतीचा जाहीरनामा लिहिला. त्यामागे 12 तत्त्वं आहेत. त्यातलं शेवटचं साधारण असं, की गटाने ठराविक काळाने थांबून आपण काम कसं करतोय हे पाहावं आणि त्याप्रमाणे आपली रीत बदलावी. पंधरवड्याच्या किंवा महिन्याच्या कामाच्या टप्प्याला स्प्रिंट म्हणतात, आणि स्प्रिंटच्या शेवटी जी मागोवा घ्यायची बैठक होते ती ही रेट्रो. महिन्याच्या स्प्रिंटसाठी जास्तीत जास्त तीन तास, असं स्क्रम पद्धतीचं मार्गदर्शक पुस्तक सांगतं. एस्थर डर्बी आणि डायना लार्सन या दोघींनी 2006 साली या बैठकीवर एक पुस्तक लिहिलं आणि तिचे पाच टप्पे पाडले. आधी वातावरण तयार करायचं, मग काय घडलं ते गोळा करायचं, मग का घडलं, मग काय करायचं, आणि मग समारोप. आपल्या पाठ-टाचणासारखंच आहे.

आता त्या मुलाची गोष्ट. 2020 चा पावसाळा. टाळेबंदीमुळे ऑफिस घरून. चाळीतली त्याची खोली 160 चौरस फुटांची आणि त्यात माणसं सहा. धाकट्या बहिणीची ऑनलाइन शाळा त्याच खोलीत, कुकरच्या शिट्ट्याही त्याच खोलीत. तो नोकरीला नवा, अजून कायम झालेला नव्हता. त्याचा गट कर्जाच्या हप्त्यांची आठवण देणारं ॲप बनवत होता. तपासणीचे दिवस दर टप्प्याला कमी कमी होत चालले होते. महिनाअखेरच्या तारखा नीट तपासायला मिळाल्या नाहीत हे त्याला ठाऊक होतं. रेट्रोमध्ये व्हिडिओवर बारा चेहरे, सगळं बोलणं भराभर इंग्रजीत, आणि सुरुवातीलाच मोठे साहेब म्हणाले की हा टप्पा मस्त गेला. मग एकेकाचं नाव पुकारलं. याचं नाव आलं तेव्हा नेमकी कुकरची शिट्टी झाली. त्याने माईक सुरू केला, "ऑल गुड" म्हटलं आणि बंद केला.

ऑगस्ट संपला. 31 ऑगस्टच्या हप्त्याची पुढची तारीख काढताना ॲपने 31 सप्टेंबर शोधली. ती नसतेच, म्हणून त्याने 1 ऑक्टोबर धरली. लोकांना चुकीच्या तारखा गेल्या. दोन रात्री जागून गटाने ते निस्तरलं, आणि पुढच्या रेट्रोत प्रश्न आला, "हे आधी कुणी बोललं का नाही?" त्यावरही तो गप्पच बसला. मला म्हणाला, "बाई, वाक्य तयार होतं डोक्यात, पण मराठीत. इंग्रजीत वळवेपर्यंत पुढच्याचं नाव आलं."

हे ऐकून मला आधी आपल्या वर्गातली शेवटच्या बाकावरची मुलं आठवली. त्यांना उत्तर येत नसतं असं नाही, पण त्यांचं वाक्य जुळेपर्यंत पहिल्या बाकावरचा हात वर गेलेला असतो.

रेट्रो कंटाळवाणी होते म्हणून तिच्यात जान आणायचे पुष्कळ उपाय सुचवले जातात. रंगीत चिठ्ठ्या, खेळ, चित्रं, कोणत्या सिनेमासारखा हा पंधरवडा गेला वगैरे. मला यांचं वावडं नाही, शिक्षक आहे, खेळाशिवाय माझा तास होत नाही. पण माझं मत असं की माणसं कंटाळ्यामुळे गप्प बसत नाहीत. बोललं तर अंगाशी येईल किंवा बोलून काही होणार नाही, यातलं एक तरी त्यांना पक्कं ठाऊक असतं म्हणून ती गप्प बसतात. नुसत्या खेळाने यातलं काहीच बदलत नाही.

एमी एडमंडसन या हार्वर्डच्या अभ्यासक रुग्णालयांतल्या गटांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या गटांत औषधं देण्यातल्या चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा. आकडे उलटे आले, चांगल्या गटांत नोंदलेल्या चुका जास्त! विचार केल्यावर लक्षात आलं की त्या गटांत चुका जास्त होत असतीलच असं नाही. तिथे चूक झाली तर ती सांगितली जाते. हा अभ्यास 1996 साली प्रसिद्ध झाला. मी हे मुद्दाम सांगते, कारण "आमच्याकडे काहीच तक्रार नाही" असं अभिमानाने सांगणारे मुख्याध्यापक आणि मॅनेजर दोन्ही मला भेटलेत.

गेल्या वर्षी मी सातवीच्या वर्गात रेट्रो घेऊन पाहिली. विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीनंतर. सॉफ्टवेअरवाल्यांचं शिडाच्या होडीचं चित्र प्रसिद्ध आहे, तेच फळ्यावर काढलं. वारा म्हणजे आपल्याला पुढे नेणाऱ्या गोष्टी, खडक म्हणजे पुढचे धोके, आणि नांगर म्हणजे मागे ओढणाऱ्या गोष्टी. एवढं सांगते तोच कोळीवाड्यातली एक मुलगी उठली. "बाई, नांगर वाईट कसा? नांगर नसला तर होडी खडकावरच जाईल ना."

मी खडू हातात धरून उभी राहिले. खरंच की! ज्यांनी हे चित्र काढलं ते होडीत किती बसले असतील देव जाणे. आम्ही मग नांगराचे दोन रकाने केले, अडकलेला नांगर आणि धरून ठेवणारा नांगर. "बाई प्रत्येक तक्ता दोनदा तपासतात, वेळ जातो" ही चिठ्ठी पोरांनी बराच वाद घालून दुसऱ्या रकान्यात लावली. ही गोष्ट त्या माजी विद्यार्थ्याला सांगितली तर तो म्हणाला, "आमच्याकडे टेस्टिंगला सगळे अडकलेला नांगरच समजतात."

कोळीवाड्याचा विषय निघालाच आहे तर वरळीकरांना आठवत असेल असं एक उदाहरण सांगते. कोस्टल रोडचा पूल क्लीव्हलँड बंदराच्या बाजूने होड्यांच्या वाटेवरून जातो. आराखड्यात तिथल्या दोन खांबांमधलं अंतर 60 मीटर होतं. वारा आणि पाण्याची ओढ असताना एवढ्या जागेतून होडी काढणं जिवावरचं आहे, असं मच्छीमार सांगत होते. त्यांनी आंदोलनं केली, समुद्रात होड्या नेऊन काम अडवलं. अखेर 2022 सरताना 120 मीटर अंतर मान्य झालं, मधला खांब गाळून. तोवर बाकीचं काम पुढे गेलेलं होतं. कुणाची बाजू बरोबर यात मी शिरत नाही. पण ज्याला रोज त्या पाण्यातून जायचंय त्याला आराखड्याच्या वेळीच बसवून ऐकलं असतं तर तीच दुरुस्ती कागदावर रबराने झाली असती. दर पंधरा दिवसांनी थांबायचं ते एवढ्याचसाठी.

मग ही बैठक घ्यायची कशी? माझ्या अनुभवाने सांगते, तुम्हाला पटेल तेवढं घ्या. बोलण्याआधी सगळ्यांनी लिहायचं. पाच-सात मिनिटं पूर्ण शांतता. नावं घालायची नाहीत, आणि ज्याला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत लिहायचं: मराठी, हिंदी, मोडकंतोडकं काहीही. मुंबईतल्या ऑफिसांनी एवढं एक केलं तरी अर्धं काम होईल असं मला वाटतं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून हीच माणसं मराठी-हिंदीत कामाच्या इतक्या नेमक्या गोष्टी बोलतात, मग दुपारी बैठकीत त्यांनी मुके का व्हावं? परदेशातलं गिऱ्हाईक समोर असेल तर इंग्रजी समजू शकते. पण रेट्रोत गिऱ्हाईक नसतं, आपलाच गट असतो.

माझी पहिली खेप फसली होती, तेही सांगते. मी चिठ्ठ्या वाचल्या आणि पोरांनी अक्षरावरून ओळखलं कुणी लिहिलंय ते. शिवाय सात चिठ्ठ्या एकाच मुलाविरुद्ध निघाल्या, त्याने गोंद सांडलं म्हणून. तो रडवेला झाला. दुसऱ्या खेपेला मी सगळ्यांना छापील अक्षरासारखं लिहायला लावलं आणि नियम केला की चिठ्ठीत माणसाचं नाव नको, घडलेली गोष्ट हवी. "गोंदाची बाटली टेबलाच्या कडेला होती" असं. नॉर्मन कर्थ यांनी 2001 च्या आपल्या पुस्तकात यासाठी एक मूळ नियम दिलाय. त्या वेळी जे माहीत होतं, जे हाताशी होतं, त्यात प्रत्येकाने आपल्या परीने चांगलंच काम केलं असं धरून चालायचं. हा नियम बऱ्याच ठिकाणी बैठकीआधी वाचून दाखवतात म्हणे. पण प्रार्थनेसारखा म्हणून टाकला की त्याचा उपयोग संपतो. गोंद सांडलेल्या पोराकडे बघून तो पाळावा लागतो.

आणि साहेबांचं. साहेबांनी, मुख्याध्यापकांनी, वर्गात बाईंनी सगळ्यात शेवटी बोलावं. त्यांनी सुरुवातीलाच "मस्त झालं" म्हटलं की पुढे कोण काय बोलणार? फार तर सुरुवातीला स्वतःची एक चूक सांगावी. मी सांगितली, की प्रदर्शनाची तारीख मी वहीत चुकीची लिहून दिली होती. पोरं इतकी खूश झाली की पुढच्या चिठ्ठ्या भराभर आल्या. ज्या ऑफिसात रेट्रोतलं बोलणं वर्षाअखेरीच्या पगारवाढीच्या चर्चेत निघतं, तिथे मात्र यातलं काहीही करून उपयोग नाही. तिथे ती बैठक बंद केलेली बरी, निदान त्या वेळात काम तरी होईल.

शेवटी ठरवायची एकच गोष्ट. फार तर दोन. आमच्या पोरांनी पहिल्यांदा अकरा गोष्टी ठरवल्या होत्या आणि त्यातली एकही झाली नाही. आता एक ठरवतो, ती कोण करणार आणि कधीपर्यंत हे लिहितो, आणि पुढची बैठक तोच कागद वाचून सुरू होते. झालं नसेल तर का नाही झालं यावरच बोलतो, नवीन विषय काढत नाही. मागच्या वेळी सांगितलेलं झालेलं दिसलं की मुलं पुढच्या वेळी आपणहून चिठ्ठ्या मागतात. माझ्या वर्गात तरी याहून मोठा खेळ मला सापडलेला नाही.

त्या मुलाच्या गटात पुढे बैठक चालवणारी मॅडम बदलली. तिने नावं पुकारणं बंद केलं. सगळ्यांनी आधी दहा मिनिटं एका फळ्यावर लिहायचं, कॅमेरा बंद ठेवला तरी चालेल. याने लिहिलं, मराठीतच पण इंग्रजी अक्षरांत: महिनाअखेरच्या तारखांना तपासायला एक पूर्ण दिवस पाहिजे. त्यावर सात जणांनी खूण केली. म्हणजे ते आणखी सात जणांना माहीत होतं! तो एक दिवस त्यांना मिळाला, आणि अजून मिळतो.

आमच्या माईकचं काय झालं, विचाराल. यंदा शिक्षकांच्या बैठकीत मी चिठ्ठ्या वाटल्या. वरिष्ठांनी जरा भुवया उंचावल्या, पण लिहिलं सगळ्यांनी. चौदापैकी नऊ चिठ्ठ्यांत माईक निघाला. आणि शिपाईमामांच्या चिठ्ठीत कारणही निघालं. माईक आणि खाऊच्या स्टॉलची शेगडी एकाच प्लगच्या पट्टीवर असते, मध्यंतरापूर्वी शेगडी लावली की ताण येऊन पट्टी बंद पडते. तीन वर्षं त्यांना हे माहीत होतं. बैठकीत ते चहा द्यायला यायचे आणि परत जायचे, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आता शिक्षकखोलीच्या कपाटावर कागद चिकटवलाय: माईकसाठी वेगळी पट्टी, मामा आणि मी, 10 डिसेंबरपर्यंत. पट्टी आणून झाली आहे, वायर ओढायची बाकी आहे.