कयाधूला वाली कोण?

संत नामदेवांच्या नर्सीला स्पर्शून जाणारी कयाधू वाशिम जिल्ह्यात उगम पावते आणि हिंगोली जिल्हा ओलांडून पैनगंगेस मिळते. नदी एकच, पण उगमाकडील गावे अमरावती विभागात, खालची मराठवाड्यात. धरणे-कालवे जलसंपदा खात्याकडे, नाल्यांवरील बंधारे जलसंधारण खात्याकडे, भूजलाचे मोजमाप तिसऱ्याच यंत्रणेकडे! २००५ च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना अधिकार दिले, तेही मुख्यतः सिंचन प्रकल्पांच्या लाभक्षेत्रापुरते. मग पाणलोटातील कोरडवाहू शेतकऱ्याने दाद कोठे मागावी? असे सामुदायिक व्यवस्थापन आपल्याला नवे नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेकाठच्या शेतकऱ्यांनी फड पद्धतीने पिढ्यान्‌पिढ्या पाणी वाटून घेतले, तेही स्वतः ठरविलेल्या नियमांनी. नदीला माता मानणाऱ्या समाजाने आता उगमापासून संगमापर्यंतच्या गावांची एकच, अधिकारसंपन्न नदी-पंचायत मागितली पाहिजे. केवळ आरतीने नदी वाहती राहत नाही.