'गुत्ता' शब्दाची कैफियत

जामबागेतील आमच्या एका स्नेह्यांनी परवा आम्हांस सुनावले, की 'गुत्ता', 'कलाली', 'शिंदीखाना' असले शब्द मराठी लेखनातून आता हद्दपार व्हावेत. सुसंस्कृत घरांत जाणाऱ्या मासिकास ते शोभत नाहीत. 1907 साली स्थापन झालेली विवेक वर्धिनी ज्या भागात आहे, तेथे मराठीच्या सोवळेपणाची काळजी वाहणारे असायचेच. त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु हेच गृहस्थ मुशायऱ्यास नेमाने जातात आणि तेथे 'मैखाना' वा 'साकी' आला की त्यांची मान डोलू लागते. मैखान्यास वाहवा, शिंदीखान्यास मात्र नाक मुरडणे! दोहोंत फरक इतकाच, की पहिल्यात कवी बसतो आणि दुसऱ्यात हमाल.

आता मूळ शब्दाकडे वळू. गुत्ता हा शब्द दारुड्याने निर्माण केलेला नाही. तेलुगूत 'गुत्त' म्हणजे मक्ता, ठेका. कानडीत 'गुत्तिगे' म्हणजे तेच. 1956 पर्यंत हैदराबाद संस्थानात व पुढे राज्यात असलेल्या मराठवाड्यात आजही रस्ते बांधणाऱ्या कंत्राटदारास 'गुत्तेदार' म्हणतात, आणि त्यात कोणास काही अभद्र वाटत नाही. दारू विकण्याचा मक्ता सरकारने लिलावात द्यावयाचा, त्या रकमेने खजिना भरावयाचा, आणि मक्त्याचे नाव हळूहळू त्या जागेस चिकटावयाचे, असा हा व्यवहार होता. पैका सरकारने घेतला. बदनामी पिणाऱ्याच्या पदरी पडली. वकिलीच्या भाषेत बोलावयाचे तर गुत्ता ही शिवी नव्हे, तो दस्तऐवज आहे.

आमच्या कोंकणी वाचकांस याची साक्ष गोव्यातच मिळेल. माडावर चढून सूर काढणाऱ्यास ते 'रेंदेर' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज 'रेंदेइरु'वरून आला, आणि त्याचा अर्थ खंडाने घेणारा, मक्तेदार. मांडवी आणि मुसी यांच्यामध्ये केवढे अंतर! राज्यकर्ते वेगळे, झाड वेगळे, भाषा वेगळ्या. तरीही दोन्हीकडे शब्द आला तो सरकारी वहीतूनच.

ज्या शब्दांत झाडाची ओळख आहे, ते मात्र आपण निर्धास्तपणे गमावीत आहोत. तेलंगणात 'ताटी कल्लू' ताडाची आणि 'ईत कल्लू' शिंदीची. कोंकणात माडाची ती माडी. इंग्रजांनी आपल्याच ताडीची 'टॉडी' केली आणि या सर्वांस एका मडक्यात ओतले. आपणही आता तेच मडके शिष्ट म्हणून मिरवितो.

महाराष्ट्रात तर 1949च्या दारूबंदी कायद्याने 'परमिट रूम' हा अजब शब्द दिला. बंदी कायद्यात आणि परवाना भिंतीवर! त्या मानाने 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' ही पाटी आम्हांस अधिक प्रामाणिक वाटते. मान्यता कोणाची, हे ती लपवीत नाही.

कोणी म्हणेल, तुम्ही व्यसनाची वकिली करता. मुळीच नाही. 2004 साली हैदराबाद शहरातील ताडीची दुकाने बंद झाली, 2014 साली नव्या तेलंगण राज्यात ती पुन्हा उघडली. आणि 2025च्या जुलैत कुकटपल्ली भागात भेसळीची ताडी पिऊन माणसे दगावली. शहरात ताड आणि शिंदी शोधावी लागते, पण कंपाउंडातील ताडी संध्याकाळपर्यंत पुरते, हे गणित कोणाच्याही लक्षात यावे. झाडावर चढणाऱ्याने ते जमविलेले नाही. ज्याच्या नावे परवाना आहे आणि ज्याने तो दिला आहे, त्यांना विचारावयाचे असेल तर 'मक्ता' हा अर्थ उरात बाळगणारा शब्दच हाताशी हवा. (नेकलेस रोडवर 2023 साली सरकारने 'नीरा कॅफे' काढला. नीरा आंबलेली नसते, हे आम्ही जाणतो. तथापि 'कॅफे' म्हणताच जी मंडळी सहकुटुंब आत शिरली, त्यांचे आम्हांस कौतुक वाटते.)

स्नेह्यांनी पर्याय म्हणून 'मद्यालय' सुचविले आहे. त्या शब्दात मद्य आहे, आलय आहे. लिलाव नाही आणि लिलाव पुकारणाराही नाही. आमच्या लेखांत यापुढेही 'गुत्ता'च छापला जाईल, आणि मुशायऱ्याचे आमंत्रण आले तर आम्ही स्नेह्यांसह जाऊच.