भाला आणि जाळे

मासेमारीच्या साधनांचा कायदा म्हटला की आपली दृष्टी समुद्राकडे वळते. राज्याचा 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा, त्यातील 2021 ची सुधारणा, 12 सागरी मैलांची हद्द, हे सारे कोकणचे. जिंतूर तालुक्यात, पूर्णेवरील येलदरीच्या जलाशयात त्याचा अंमल नाही.

भाल्याने मारणारा एका वेळी एकच मासा मारतो, तोही डोळ्यांनी निवडून. बारीक आसाचे जाळे मात्र बोटभर पिलेही ओढून आणते. पुढच्या वर्षीचा मासा आजच बाजारात विकला जातो. पाण्यात स्फोटके व विष वापरण्यास इंग्रजांनी 1897 सालीच मनाई केली. आसाचे माप ठरविण्याचा अधिकारही त्याच कायद्याने सरकारला दिला. मग हातातील भाला काय पाहता? टोपलीतील मासा मोजा, वाचकहो, आणि मोजणी व्यापाऱ्याच्या टोपलीपासून सुरू करा, भोयाच्या नव्हे.