‘मूनलाइट’ची बखर आणि धुळ्याची शिस्त

पियानोवरील अभिजात रचनांविषयी मराठी समाजमाध्यमांवर जे सांगितले जाते, त्यातील बराचसा भाग बखर असतो. बीथोव्हेन एका संध्याकाळी फिरायला निघाला, एका गरीब घरातून पियानोचे सूर ऐकू आले, आत एक अंध मुलगी वाजवीत होती, खिडकीतून चांदणे उतरले आणि त्याने तिथल्या तिथे ‘मूनलाइट सोनाटा’ रचला. बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’चीही अशीच एक गोष्ट आहे. निद्रानाशाने गांजलेल्या एका सरदाराला रात्री विरंगुळा हवा होता, त्याच्या पदरी असलेल्या गोल्डबर्ग नावाच्या मुलाने वाजवावी म्हणून बाखने ही रचना केली, आणि बक्षीस म्हणून त्याला सोन्याच्या नाण्यांनी भरलेला पेला मिळाला. आज झोपेसाठी ऐकायच्या संगीताच्या याद्यांत ही रचना हमखास असते, त्यामागे हीच गोष्ट आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन्ही कथांना एकच प्रश्न विचारावा : कागद काय म्हणतो?

बीथोव्हेनचा हा सोनाटा १८०१ मध्ये रचला गेला आणि १८०२ मध्ये व्हिएन्नात छापला गेला. मुखपृष्ठावर ‘जणू कल्पनाविलासच असा सोनाटा’ अशा अर्थाचे इटालियन शब्द आहेत आणि ज्युलिएटा ग्विचार्डी या तरुणीस अर्पणपत्रिका आहे. चांदणे नाही, अंध मुलगी तर नाहीच. चंद्रप्रकाशाची उपमा लुडविग रेल्श्टाब या समीक्षकाची. तिचे पुढे नाव झाले. गोल्डबर्गचीही तीच गत. १७४१ च्या छापील प्रतीवर कोणत्याही सरदाराचे नाव नाही. संगीतप्रेमींच्या मनोरंजनासाठी, एवढेच तिथे म्हटले आहे. झोपेची कथा प्रथम भेटते ती योहान फोर्केल याने लिहिलेल्या बाखच्या चरित्रात, १८०२ साली, म्हणजे रचनेनंतर ६१ वर्षांनी. खुद्द गोल्डबर्गचा जन्म १७२७ चा. रचना छापली गेली तेव्हा तो जेमतेम चौदा वर्षांचा होता. कथा सर्वस्वी खोटीच आहे असे यावरून सिद्ध होत नाही. तिचा आधार कच्चा आहे, इतके मात्र नक्की ठरते.

ही भाषा खान्देशात परकी वाटू नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी देह ठेवला तो धुळ्यात, ३१ डिसेंबर १९२६ रोजी. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून त्याच शहरात उभे आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा. त्यात १७५० ते १७६१ या काळातील अस्सल पत्रे छापून राजवाड्यांनी बखरीतील हकिकतींना समकालीन कागदाच्या कसोटीवर घासून पाहण्याची रीत मराठीत रुजवली. (राजवाडे स्वतः तर्काच्या भरात कधी कधी फार दूर वाहून जात, हे खरे, पण ती रीत त्यामुळे बाद होत नाही.) त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी हस्तलिखिते जमवली आणि ती समर्थ वाग्देवता मंदिरात ठेवली गेली. पोथ्या, पाठभेद, प्रक्षेप हे शब्द या शहराच्या अभ्यासपरंपरेत मुरलेले आहेत.

पियानोच्या थोर रचना समजून घेण्यासाठी नेमकी हीच शिस्त लागते, आणि ती खान्देशातील तरुण वाचकाच्या हाताशी आहे. त्याला सहसा दोन गोष्टी ऐकवल्या जातात. एक म्हणजे हे संगीत युरोपीय उच्चभ्रूंचे, लहानपणापासून त्यात वाढल्याशिवाय ते कळायचे नाही. दुसरी म्हणजे त्यात कळण्यासारखे काही नाही, डोळे मिटावेत आणि शांत वाटून घ्यावे. पहिली त्याला दाराबाहेर उभे करते. दुसरी आत घेते, पण तिथे विचार करू देत नाही. दोन्हींचा परिणाम सारखाच.

बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर’ या ग्रंथाच्या पहिल्या भागाचे उदाहरण घ्यावे. १७२२ साल घातलेली त्याची स्वहस्तलिखित प्रत बर्लिनच्या राज्य ग्रंथालयात आहे. त्यातील पहिलाच प्रील्यूड इतका सोपा दिसतो की पियानो शिकणाऱ्या मुलांना तो लवकरच दिला जातो. त्यात ३५ बार आहेत. बार म्हणजे मात्रांचा एक ठरावीक खंड. पण एकोणिसाव्या शतकातील अनेक छापील प्रतींत ३६ बार सापडतात. हा छत्तिसावा आला कुठून?

हॅम्बुर्गच्या श्वेंके नावाच्या संगीतकाराच्या प्रतीशी या जादा बारचे नाव जोडलेले आहे. बाखच्या शिष्यपरंपरेत खूप पुढे आलेल्या कार्ल चेर्नीने १८३७ मध्ये संपादिलेल्या आवृत्तीत तो शिरला आणि ती आवृत्ती घरोघर गेली. फ्रेंच संगीतकार गुनो याने याच प्रील्यूडवर आपली चाल चढवली, जी आज ‘आव्हे मारिया’ म्हणून जगभर गायली जाते, तीही हा जादा बार गृहीत धरूनच. एका घुसडलेल्या खंडाला असे दीर्घायुष्य मिळाले.

तो का घुसडावा वाटला, हे कोणत्याही भजनी मंडळातील पेटीवर तपासून पाहता येते. पांढरी एक हा षड्ज धरावा. प्रील्यूडच्या त्या जागी खालचा, म्हणजे खर्जाच्या बाजूचा स्वर असा चालतो : शुद्ध मध्यम, तीव्र मध्यम, मग एकदम कोमल धैवत, आणि त्यानंतर पंचम. बाख पंचमाला ओलांडून पुढे जातो आणि मग वरून त्याच्यावर उतरतो. मधल्या काळातील संपादकांना ही उडी चूक वाटली. बाखच्या हातून एक बार राहून गेला असावा असे समजून त्यांनी तीव्र मध्यम आणि कोमल धैवत यांच्यामध्ये पंचमाची एक पायरी बसवली. उडी गेली, आणि तिच्याबरोबर पंचमाची वाट पाहायला लावणारा ताणही गेला.

पूरियाधनाश्री ऐकलेल्या कानाला तीव्र मध्यम, कोमल धैवत, पंचम ही वाट मुळीच अडखळल्यासारखी वाटणार नाही. याचा अर्थ बाखला राग ठाऊक होते असा कृपया कुणी काढू नये. तसले संदेश आधीच पुरेसे फिरत आहेत. बाखच्या त्या जागेवर खर्जाच्या वर एकाच वेळी उमटणाऱ्या स्वरांचा जो दाब असतो, तो रागसंगीतात नाही. मुद्दा लहान आहे : येथील कान रिता नाही, त्याला काही खुणा आधीच ठाऊक असतात.

मराठी वाचकाला या प्रकारासाठी नवा शब्दही शोधावा लागत नाही. प्रक्षिप्त. ज्ञानेश्वरीच्या पाठात शिरलेले अपपाठ दूर करून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कुणी आपल्या ओव्या त्यात मिसळू नयेत म्हणून स्पष्ट ताकीद दिली. प्रक्षेप करणारे बहुधा भक्तच असतात. ग्रंथ आपल्याला जिथे अपुरा वाटतो तिथे ते प्रेमाने भर घालतात. श्वेंके आणि चेर्नी याच जातीचे.

तरीही पोथी आणि स्वरलिपी यांत एक मोठा फरक आहे, आणि तो समजण्यासाठी जळगावकडे वळलेले बरे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) निरक्षर होत्या. जात्यावर, शेतात, घरकामात त्यांनी लेवा गणबोलीत रचलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि नातलगांनी टिपून ठेवली, म्हणून १९५२ मध्ये ती आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ग्रंथरूपाने आली. शब्द वाचले. पण जात्याच्या फेऱ्याबरोबर कोणता शब्द लांबत असे, दाणे संपत आले की लय कशी बदलत असे, श्वास कुठे घेतला जाई, हे त्या वहीत उतरले नाही. उतरणे शक्यही नव्हते. आज अनेकांच्या कानी बहिणाबाई येतात त्या ‘मानिनी’ चित्रपटाने रुळवलेल्या चालींतून. त्या चाली सुंदर आहेत. पण त्या एक वाचन आहेत.

बाख, बीथोव्हेन, शूबर्ट, शोपाँ यांच्याबाबत स्थिती हीच आहे. ध्वनिमुद्रणाच्या आधी ते गेले. उरला तो कागद; आणि प्रत्येक वादकाला त्या कागदावरून हरवलेला श्वास नव्याने ठरवावा लागतो. म्हणून या रचना एकदा, एकाच वादकाकडून ऐकून समजल्या असे म्हणणे म्हणजे एका पोथीवरून संहिता ठरवणे होय. ग्लेन गूल्डने ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ १९५५ मध्ये वाजवली तेव्हा त्यांना सुमारे ३८ मिनिटे लागली. १९८१ मध्ये त्याच माणसाला सुमारे ५१. काही पुनरावृत्त्या दुसऱ्या वेळी घेतल्या, हे एक कारण. पण आरंभीची धून नुसती लागोपाठ ऐकली तरी कळते की मधल्या सव्वीस वर्षांत काळाविषयीचे त्याचे मतच बदलले होते. एकच कागद, एकच हात, दोन वाचने.

कागदाचा मान राखणे म्हणजे त्याची गुलामी पत्करणे नव्हे, हेही इथेच स्पष्ट होते. शूबर्टने मृत्यूपूर्वी दोन महिने, सप्टेंबर १८२८ मध्ये, शेवटचा सोनाटा पुरा केला. त्याच्या पहिल्या भागात आरंभीचा मोठा खंड पुन्हा वाजवावा अशी खूण आहे, आणि मागे वळण्यासाठी शूबर्टने नऊ बार खास लिहिले आहेत. त्यांत एक खर्जातील कंप, जो आधी दुरून येणाऱ्या गडगडाटासारखा हलका होता, अचानक पूर्ण जोराने कोसळतो. आल्फ्रेड ब्रेंडेल हे नऊ बार वाजवीत नसे. हा उद्रेक त्या शांत रचनेत बसत नाही असे त्याचे मत होते. स्व्यातोस्लाव्ह रिख्टर ते वाजवी, आणि इतक्या संथपणे की तो एकटा भागच वीस मिनिटांच्या बराच पुढे जाई. ब्रेंडेलचा युक्तिवाद अभ्यासू आहे, पण तो पटण्यासारखा नाही. जो गडगडाट एकदाही जवळ येत नाही, त्याची भीती शेवटपर्यंत कशी टिकावी? ज्यांना हा निकाल मान्य नसेल त्यांनी दोन्ही मुद्रणे ऐकून विरुद्ध निकाल द्यावा. असा वाद घालता येऊ लागला की रचना समजू लागली म्हणायला हरकत नाही.

वाद्याचाही पुरावा असतो. ‘मूनलाइट’च्या पहिल्या भागासाठी बीथोव्हेनची सूचना आहे की तो संपूर्ण अतिशय नाजूकपणे आणि डॅम्पर न लावता वाजवावा. तारांवर बसून त्यांचा नाद थांबवणारे हे ठोकळे सतत उचललेलेच ठेवायचे. १८०१ चा व्हिएन्नाचा पियानो लाकडी चौकटीचा, हलक्या तारांचा. त्यात नाद लवकर विरत असे, त्यामुळे एका स्वरसमूहाची सावली पुढच्यावर जेमतेम पडे. आजच्या लोखंडी चौकटीच्या पियानोवर ही सूचना तंतोतंत पाळली तर सगळे एकमेकांत कालवले जाते. म्हणून बहुतेक वादक ती मोडतात. आंद्राश शिफसारखा एखादा ती पाळण्याचा प्रयत्न करतो, आणि लयही रूढीपेक्षा चढी ठेवतो, कारण लयीची खूण दर बारला चार नव्हे, दोन ठोके मोजायला सांगते. त्याचे वादन ऐकले की लक्षात येते, रूढ झालेला तो रेंगाळणारा, हळवा ‘मूनलाइट’ हादेखील बखरीचाच परिणाम आहे. नाव आधी आले. मग नावाला शोभेल असे वादन आले.

जळगावहून मुंबईचे सभागृह चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे, आणि घरी फार तर पेटी किंवा लहान कीबोर्ड असतो. ही अडचण खरी आहे. प्रत्यक्ष पियानोसमोर बसून ऐकण्याला पर्याय नाही. पण हस्तलिखितांच्या बाबतीत अंतर मिटले आहे. बाखची १७२२ ची प्रत आणि बॉनच्या बीथोव्हेन भवनातील कागद मोबाइलच्या पडद्यावर विनामूल्य पाहता येतात. राजवाड्यांना एकेका दप्तरासाठी गावोगाव पायपीट करावी लागली होती.

बॉनमध्ये ‘मूनलाइट’चे स्वहस्तलिखितही आहे. खाडाखोड, शाईचे डाग, घाईने ओढलेल्या रेघा सगळे त्यात दिसते. पहिले पान मात्र नाही. ते केव्हाच हरवले. जिथून रचना सुरू होते ते बार बीथोव्हेनच्या अक्षरात आज कुणालाही पाहता येत नाहीत, आणि तेवढ्या भागापुरती सगळ्यांची भिस्त १८०२ च्या छापील प्रतीवर आहे.