लाखांच्या वर्गातील एकटेपण

२०११ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात सेबॅस्टियन थ्रुन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेवरील आपला अभ्यासक्रम इंटरनेटवरून सर्वांना विनामूल्य खुला केला, तेव्हा सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नावे नोंदविली. तो पुरा करणारे मात्र सुमारे २३ हजारच निघाले. या गळतीचे खापर विद्यार्थ्यांच्या आळसावर फोडणे सोपे आहे. पण ते न्याय्य नव्हे. नाव नोंदविण्यास पैसा लागत नाही, हे एक कारण झाले. दुसरे अधिक खोल आहे. लाखांच्या या वर्गात प्रत्येक जण एकटाच असतो. शंका शेजाऱ्याला विचारावी, तर शेजारीच नाही.

यावर उपाय नाही असे नाही. पुढे स्टॅनफर्डमधील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘टॉकअबाउट’ नावाची व्यवस्था सिद्ध केली. ठरल्या वेळी हजर राहणाऱ्या विद्यार्थ्यांचे लहान गट पाडावयाचे आणि त्यांना पडद्यावर समोरासमोर आणून नेमून दिलेल्या प्रश्नांवर बोलते करावयाचे, अशी ही रीत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे आढळले की, गटात जितक्या अधिक भिन्न प्रदेशांतील माणसे, तितकी परीक्षेतील कामगिरी सरस. यात नवल नाही. आपण जे गृहीत धरतो, ते परक्याला समजावून सांगावे लागते. आणि समजावताना आपलेच अज्ञान आपल्याला प्रथम दिसते.

हा प्रश्न आता आपल्या दाराशी आला आहे. ‘स्वयम्’ची सुरुवात २०१७ साली झाली. २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्या मार्गाने पुरे करून पदवीसाठी श्रेयांक मिळविता येतात. जे शिक्षण पदवीत जमा होते, त्यात केवळ लेखी शंकानिरसन पुरेसे मानता येईल काय?

ग्रामीण भागात संपर्क तुटतो, नोकरदाराला वेळ सापडत नाही, हे आक्षेप खरे आहेत. तथापि, चर्चा केवळ आवाजावर, रात्री आणि मराठीतही होऊ शकते. १९८९ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने दूरशिक्षणातही अभ्यासकेंद्रे आवश्यक मानली. तेच तत्त्व येथे लागू करावयास हवे. महाविद्यालयांनी त्यासाठी एक खोली आणि आठवड्यातील एक तास राखून ठेवावा, प्राध्यापकांनी आधी प्रश्न काढून द्यावेत आणि हे काम त्यांच्या कार्यभारात धरले जावे. नेमके प्रश्न नसतील, तर तो तास ओळखीपाळखीतच सरेल.

व्याख्यान लाखांना एकदम देता येते. समज मात्र चार जणांच्या बोलण्यातूनच पक्की होते. त्या चार जणांची गाठ घालून देणे ही उपकाराची बाब नव्हे, शिक्षणसंस्थेचे ते कर्तव्यच होय.