टॉम, बाबा आणि कॉफीचा कप

‘बघायचा का? एका वाक्यात सांग!’

सिनेमावर लिहिणाऱ्या माणसाचे मित्र भलतेच आळशी असतात. आम्ही पावणेतीन तास एसीत कुडकुडत बसायचं आणि यांना एका वाक्यात निकाल हवा. ‘मिशन: इम्पॉसिबल – द फायनल रेकनिंग’ १७ मे २०२५ला आपल्याकडे लागला, अमेरिकेच्या चक्क सहा दिवस आधी. तेव्हापासून हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की एकदाच काय ते लिहून टाकते. आणि एका वाक्यात जमणार नाही, सॉरी.

मुळात आठव्या भागाला मार्क द्यायचे कसे? पहिला आला १९९६ला. तेव्हा मी जन्मलेसुद्धा नव्हते. इतक्या वर्षांत टॉम क्रूझ बुर्ज खलिफावर चढला, विमानाला बाहेरून लटकला, २०१७मध्ये लंडनच्या एका इमारतीवर उडी मारताना घोटा मोडून घेतला आणि तो शॉटही सिनेमात ठेवला. अशा माणसाला नापास करायचं म्हणजे पापच वाटतं. पण तिकीट, पॉपकॉर्न आणि पार्किंग धरून दीड हजार गेले, की पाप-पुण्याचा हिशोब जरा बदलतो. म्हणून माझा फंडा साधा आहे. नव्या भागाकडे स्वतःचं काही आहे का? की तो नुसताच जुना अल्बम काढून बसलाय?

पहिला तास अल्बमचाच आहे, बॉस! जुन्या भागांचे तुकडे, मग कोणीतरी ईथन हंट किती थोर आहे ते सांगतं, मग आणखी तुकडे. कमी आवाजात, कपाळाला आठ्या घालून, एकाचं वाक्य दुसऱ्यानं पूर्ण करत. ऑफिसात नव्या बॉसनं घेतलेली पहिली मीटिंग आठवली. सगळे गंभीर, आणि नक्की करायचंय काय ते कोणालाच माहीत नाही. व्हिलन आहे ‘एन्टिटी’ नावाची एआय. तिला चेहरा नाही, त्यामुळे तिच्याबद्दल सारखं बोलावंच लागतं.

मला सर्वात जास्त राग आला तो ‘रॅबिट्स फूट’चा. २००६च्या तिसऱ्या भागात सगळे ज्या वस्तूच्या मागे जिवावर उदार होऊन पळतात, ती काय आहे हे शेवटपर्यंत सांगतच नाहीत. तीच तर गंमत होती! आठव्या भागानं एवढ्या वर्षांनी ते सांगून टाकलं. कोणी विचारलं होतं?

मला वाटतं, गडबड पाचव्या भागापासून सुरू झाली. पहिले चार पाहा. ब्रायन डी पाल्मा, जॉन वू, जे. जे. अब्राम्स, ब्रॅड बर्ड. दर वेळी नवा आचारी, त्यामुळे भाजी तीच असली तरी चव वेगळी. दुसऱ्या भागातली कबुतरं आणि स्लो मोशन बघून कोणी हसेल, पण विसरणार नाही. चौथ्यात तर कथा मुंबईत आली आणि अनिल कपूर दिसला, शिट्टी मारायला बोटं तोंडात घालेपर्यंत गेलासुद्धा. २०१५पासून मात्र सलग चार भाग ख्रिस्तोफर मॅक्वारीचे. त्यातला २०१८चा ‘फॉलआउट’ सॉलिडच होता, प्रश्नच नाही. पण एकच माणूस दहा वर्षं स्वयंपाकघरात राहिला, की त्याला आपलेच जुने डबे उघडून बघायची सवय लागते.

आता पाणबुडी. इथे मी सगळं माफ केलं.

समुद्राच्या तळाशी ‘सेवास्तोपोल’ नावाची रशियन पाणबुडी पडलीय आणि ईथनला एकट्याला आत जायचंय. पाणबुडी कड्यावरून हळूहळू कलंडायला लागते. खालचं वर, वरचं खाली, पाणी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, आणि अजस्र टॉर्पेडो चौकटीतून सुटून गडगडायला लागतात. डायलॉग जवळपास शून्य. एक तास बडबड करणारा सिनेमा अचानक गप्प बसतो आणि थिएटरही गप्प. माझ्या शेजारचा मुलगा नाचोज तोंडात धरून तसाच बसला होता, चावायचंच विसरला. असलं काही तुम्ही दुसऱ्या कुठल्या सीरिजमध्ये बघितलं असेल तर मला कळवा.

शेवटी बायप्लेन आहे, दक्षिण आफ्रिकेत चित्रित केलेलं. पंखावर लोंबकळणाऱ्या क्रूझचे गाल वाऱ्यानं असे काही फडफडतात की ते खरं आहे हे सांगावं लागत नाही. पेटत्या पॅराशूटनं त्यानं १६ उड्या मारल्या म्हणे, गिनीज बुकात नोंद आहे. झकास. पण पाणबुडीनंतर ते मला डेझर्टसारखं वाटलं.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. (अजून पाहिला नसेल तर पुढचं डोळे मिटून वाचा!)

पहिल्या भागातला तो सीन सगळ्यांना पाठ आहे. सीआयएची पांढरीशुभ्र खोली, छतावरून दोरीनं उतरणारा क्रूझ. त्या खोलीत रोज काम करणारा एक माणूस होता, विल्यम डनलो. त्याच्या कॉफीत काहीतरी मिसळतात, बिचारा उलट्या करायला बाथरूमकडे धावतो, परत येतो तर माहिती चोरीला गेलेली. त्याची चूक? कॉफी प्यायला. शिक्षा? अलास्काच्या रडार टॉवरवर बदली. १९९६ला सगळे हसले आणि विसरले. आठव्या भागात तो परत येतो, तोच नट, रोल्फ सॅक्सन. बेरिंग समुद्रातल्या एका बेटावर इतकी वर्षं काढलेला. आणि त्याचा ईथनवर राग नाही! उलट ती बदली झाली म्हणून बायको भेटली, असं तो म्हणतो.

मला सीन प्रचंड आवडला. अल्बम कसा उघडावा तर असा, असं मनात लिहूनही टाकलं. शेजारी बाबा होते.

बाबा आणि टॉम क्रूझ दोघंही १९६२चे. एवढंच साम्य. बाबांचा उजवा गुडघा जिना बघूनच दुखतो. २००३मध्ये त्यांच्या ऑफिसात कोणीतरी वरच्यानं घोळ घातला, फाइलवर सही बाबांची होती, आणि त्यांची गडचिरोलीला बदली झाली. मी सहा वर्षांची होते. तीन वर्षं बाबा म्हणजे माझ्यासाठी रविवारी सकाळी येणारा एसटीडी कॉल. घरात यावर कधी कोणी बोललं नाही. मीही विचारलं नाही.

इंटरव्हलला काही नाही. सिनेमा संपला, लिफ्टसाठी ही रांग, तेव्हा मी म्हटलं, “तो डनलोचा सीन मस्त होता ना, बाबा?”

“हं,” बाबा म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, पार्किंगमध्ये, “त्याला तिकडे बायको भेटली गं. माझी पुण्यात होती.”

मी चावी शोधत राहिले. हातातच होती.

तेव्हापासून त्या सीनचं मला काही ठरवता येत नाही. लेखकानं इतक्या वर्षांपूर्वीच्या एका विनोदाचा हिशोब चुकता केला, हे मोठं आहेच. हॉलिवूडमध्ये एवढंही कोण करतं? पण हिशोब चुकता झाला तो हिरोच्या सोयीनं. डनलो चिडला असता तर? ‘माझं काय चुकलं होतं?’ एवढं विचारून दार लावून घेतलं असतं तर? मग ईथनला पाणबुडीचा पत्ता मिळाला नसता आणि जग बुडालं असतं, मान्य. तरी मला तो सिनेमाही बघायला आवडला असता.

तर ग्रुपवरच्या आळशी मंडळींनो, बघा. मोठ्यातल्या मोठ्या पडद्यावर मिळाला तर उत्तमच. घरी बघत असाल तर पहिल्या तासात कपडे इस्त्री करून घ्या, पण पाणबुडी आली की दिवे बंद आणि फोन लांब. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. त्यातले दोन पाणबुडीचे.

घरी आल्यावर रात्री बाबांनी स्वतःहून पहिला भाग लावायला सांगितला. त्या पांढऱ्या खोलीचा सीन आला. क्रूझ दोरीवर लटकतोय, चष्म्यावरून घामाचा थेंब ओघळतोय, मी श्वास रोखून बसलेले. बाबांचं मात्र लक्ष डनलोच्या कपाकडेच होतं.

“आता पिऊ नको रे ते,” म्हणाले.